केंदूरचा कांदा आणि पेट्रापोलचे फाटक

शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, पाबळच्या शेजारी, केंदूर आहे. पाबळ म्हटले की मस्तानीची कबर आठवते आणि केंदूर म्हटले की संत कान्हुराज महाराज पाठक. पण या शिवारातला माणूस सध्या कशावर जगतो असे विचाराल तर कांद्याचे नाव आधी घ्यावे लागेल. पाऊस बेताचा. तालुक्याच्या ज्या भागाला बारमाही पाणी आहे तिथे ऊस उभा राहतो, इकडे उन्हाळी कांद्यावर भिस्त. मार्च-एप्रिलमध्ये काढायचा, पात कापायची, चाळीत भरायचा आणि भाव येईपर्यंत अधूनमधून हात फिरवून मोड आलेला, काजळी धरलेला, सडलेला वेगळा करायचा. हे निवडण्याचे काम बहुतेक घरातल्या बायकांकडे असते. मग पिशव्या भरून माल चाकणला नाहीतर मंचरला जातो. तिथे दहा किलोला काय भाव निघाला यावर सोसायटीचा हप्ता, मुलांची फी आणि कधी कधी घरातले लग्नसुद्धा ठरते. हे गणित शेतकऱ्याचे आहे तसेच बाजारात बसणाऱ्या बागवानाचेही आहे, म्हणजे आपल्यापैकी कितीतरी घरांचे.

हा भाव चाकणच्या आवारात पुकारला जातो हे खरे, पण त्याचा मोठा हिस्सा दोन हजार किलोमीटरांपेक्षा लांब ठरतो. पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या पुढे पेट्रापोल नावाचे ठिकाण आहे. कोलकात्यापासून साधारण ऐंशी किलोमीटर. तिथे आपला देश संपतो आणि समोर बांगलादेशचे बेनापोल सुरू होते. दक्षिण आशियातले हे सर्वांत मोठे भूबंदर. महाराष्ट्राचा कांदा याच रस्त्याने, शिवाय घोजाडांगा, महदीपूर आणि हिलीच्या नाक्यांवरून पलीकडे जातो. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा जुना आणि मोठा गिऱ्हाईक. तिकडचे गिऱ्हाईक उभे राहिले की चाकणला भाव चढतो. ते फाटक लागले की केंदूरच्या चाळीत माल पडून राहतो.

आणि ते फाटक किती वेळा लागले ते पाहा. २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, ती मार्च २०२० मध्ये उघडली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंद, १ जानेवारी २०२१ ला खुली. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलरची अट, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला ती उठली, पण ५५० डॉलरची अट आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली, शुल्क वीस टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. म्हणजे सहा वर्षांच्या आत तीन पूर्ण बंद्या. कांदा रोपवाटिकेत टाकल्यापासून चाळीतून निघेपर्यंत आठ-दहा महिने जातात. एवढ्या काळात नियम दोनदा बदलत असतील तर शेतकऱ्याने हिशेब मांडायचा कशावर?

शेतकऱ्याच्या नुकसानीबद्दल मराठी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्हाला आज त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचे आहे. फाटक अचानक बंद होते तेव्हा फाटकाजवळ राहणाऱ्यांचे काय होते?

सप्टेंबर २०२० ची गोष्ट घ्या. बंदीचा हुकूम निघाला तेव्हा कांद्याने भरलेले शेकडो ट्रक सीमेवरच्या नाक्यांवर पोहोचलेले होते. काहींचे कागद पूर्ण झाले होते, पैशांचा व्यवहार झाला होता. तरी फाटक लागले. भादव्याची दमट हवा, ताडपत्रीखाली कोंडलेला माल. चार-पाच दिवसांनी पंचवीस हजार टनांना सवलत मिळाली, पण तोवर पिशव्यांतून पाणी गळू लागले होते. पलीकडे पोहोचलेल्या मालातला बराचसा फेकून द्यावा लागला. ज्या ड्रायव्हरने तो माल पाच दिवस चालवत नेला, तो भाड्यासाठी अडकला. नाक्यावरचे हमाल, कागदपत्रे करणारे मुनीम, खाणावळवाले, पैसे बदलून देणारे, सगळे बसून. बनगावसारख्या गावाची चूल या वाहतुकीवर पेटते. तिथे आपल्यासारखी पन्नास गावची बाजारपेठ नाही, फाटक हीच बाजारपेठ.

याच्या आदल्या वर्षी, ४ ऑक्टोबर २०१९ रोजी, बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात बोलत होत्या. हसत हसत, हिंदीतून, त्यांनी सांगितले की आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असे बजावले आहे. आणि अशी बंदी घालायची असेल तर थोडे आधी कळवत जा, एवढीच विनंती केली. सभागृह हसले. वर्षभराने पुन्हा तसेच झाले तेव्हा ढाक्याला हसू आले नसणार. दरम्यान त्यांनी तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान इथून कांदा आणला, काही विमानानेसुद्धा. पुढे स्वतःचे पीक वाढवायला घेतले आणि आता आपल्या शेतकऱ्याचा हंगाम सांभाळण्यासाठी तेच आयातीचे परवाने आखडते घेतात. त्यांच्या जागी आपण असतो तर वेगळे काय केले असते?

पण फाटक लागले म्हणून पलीकडची भूक थांबत नाही. अलीकडे एक वस्तू चाळीस रुपयांना आणि पलीकडे शंभरला विकली जात असेल, तर ती पलीकडे जाण्याची वाट शोधतेच. दिवसा रस्त्याने जाता आले नाही तर रात्री नदीतून जाते. साखरेचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे, कारण शिरूर-दौंडचा ऊस आणि कारखाने सगळ्यांना ठाऊक आहेत. जून २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवर निर्बंध आले. बांगलादेशात साखर महागली. त्यानंतर मेघालयाच्या सीमेवर आणि पलीकडे सिल्हेटच्या बाजूला भारतीय साखर चोरून नेताना पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या. २०२४ मध्ये तर सिल्हेटला साखरेने भरलेले ट्रकच्या ट्रक सापडले. साखर म्हणजे काही बंदूक नव्हे की गांजा नव्हे. पण साखरेचे पोते रात्री ज्या वाटेने जाते, त्या वाटेचा एक मालक तयार होतो. तो हप्ते देतो, पोरांना मजुरीवर लावतो, टेहळणी ठेवतो. एकदा वाट तयार झाली की तिच्यावरून पुढे काय जाईल हे कोण सांगणार? खोट्या नोटा जातील, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या जातील, माणसेही जातील. सुरक्षेचा प्रश्न इथे उभा राहतो, आणि त्याची सुरुवात दिल्लीतल्या एका व्यापारी परिपत्रकातून झालेली असते.

भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या पश्चिम बंगालमध्ये. १९७५ साली दोन्ही देशांनी ठरवले की रेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करायचे नाही. म्हणून आपले कुंपण बऱ्याच ठिकाणी आत घेतले गेले. परिणाम असा की भारतीय शेतकऱ्याची शेते, काही ठिकाणी घरेही, कुंपणाच्या पलीकडे राहिली. शेतात जायचे तर ठरल्या वेळी दरवाजा उघडतो, ओळखपत्र जमा करायचे, आणि दरवाजा बंद व्हायच्या आत परत यायचे. मालदा, मुर्शिदाबाद हे जिल्हे मुस्लिमबहुल आहेत. त्या गावांत संध्याकाळनंतर बांधावर दिसलेला माणूस आधी संशयित असतो, मग शेतकरी. रात्रीचा चोरटा धंदा वाढला की गस्त वाढते, गस्त वाढली की गोळी सुटण्याचे प्रसंग वाढतात. जानेवारी २०११ मध्ये लग्नासाठी वडिलांबरोबर घरी परतणारी पंधरा वर्षांची मुलगी कुंपण ओलांडताना गोळी लागून मेली आणि तिचा देह कित्येक तास तारेवर लटकत राहिला. ते छायाचित्र जगाने पाहिले. चोरट्यांशी गाठ पडून जखमी होणारे, मरणारे सीमा सुरक्षा दलाचे जवानही आहेत. तीही कुणाची तरी मुले आहेत, आणि त्यांच्यात आपल्या जिल्ह्यांतली पोरेही भरती होतात.

सूरह कुरैश आपल्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते, इतकी ती छोटी आहे. तिच्यात मक्केच्या लोकांच्या हिवाळी आणि उन्हाळी काफिल्यांचा उल्लेख आहे. आणि लगेच अल्लाहच्या दोन मेहेरबान्या एका दमात सांगितल्या आहेत: भुकेत अन्न आणि भयापासून अमान. आम्हाला हा शेजार नेहमी विचार करायला लावतो. मक्केच्या आसपास पीक येत नव्हते. काफिला सुखरूप गेला आणि आला तरच चूल पेटत होती. तिजारत आणि अमान ही दोन वेगळी खाती नव्हती. आज आपल्याकडे व्यापार मंत्रालय निराळे, गृह मंत्रालय निराळे. एकाने रात्री फाटक लावायचे आणि दुसऱ्याने सकाळपासून त्याचे परिणाम निस्तरायचे, असा कारभार चालतो.

उलट्या दिशेचे उदाहरणही आहे, आणि ते फार सुंदर आहे. २३ जुलै २०११ रोजी मेघालयातल्या कलाईचर इथे सीमेवर पहिला आठवडे बाजार भरला. सीमा हाट म्हणतात त्याला. नंतर बालाटला, त्रिपुरात श्रीनगर आणि कमलासागरला असे हाट सुरू झाले. आसपासच्या पाच किलोमीटरांतली माणसे ओळखपत्र दाखवून येतात. भाजी, मासळी, फळे, लुगडी, गामछे, बिस्किटे, प्लॅस्टिकची भांडी. खरेदीला मर्यादा घातलेली, आधी पन्नास डॉलर, पुढे दोनशेपर्यंत वाढवली. भारताचा रुपया आणि बांगलादेशचा टका दोन्ही चालतात. शिक्रापूरच्या किंवा तळेगाव ढमढेरेच्या बाजारात आपण जातो तसेच हे, फक्त अर्धे दुकानदार दुसऱ्या देशाचे. फाळणीने तुटलेली नातीही तिथे भेटतात. बहीण येते, भावाला सुपारी देऊन जाते. जी वस्तू दिवसा, पावतीने, पोलिसांच्या देखत मिळते ती रात्री आणायला जाणार कोण? मार्च २०२० मध्ये करोनामुळे हे हाट बंद झाले आणि कित्येक महिने बंदच राहिले. ते बंद असताना विक्रेत्यांत ज्या बायका होत्या, त्यांच्याकडे दुसरा बाजार नव्हता.

करोनाच्या त्याच काळात एक चांगली गोष्टही घडली. पेट्रापोलचा रस्ता अडला तेव्हा मे २०२० मध्ये लासलगावकडून कांद्याची मालगाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकात गेली. ट्रकने आठ-दहा दिवस नाक्यावर सडायचे त्याऐवजी डबे बंद होऊन गेले आणि पलीकडे उघडले. दौंडसारखे जंक्शन आपल्या दाराशी आहे. त्याचा उपयोग या कामी व्हावा असे आम्हाला वाटते. पण रूळ असोत की रस्ता, नियम स्थिर नसेल तर काय कामाचे? २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पेट्रापोलला ‘मैत्री द्वार’ नावाचे भव्य मालवाहू फाटक सुरू झाले. द्वार बांधायला काही वर्षे लागली असतील. त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत काय झाले? एप्रिल २०२५ मध्ये आपण बांगलादेशी मालाला आपल्या भूमीवरून परदेशी जाण्याची सवलत काढून घेतली, त्यांनी आपल्या सुताला भूबंदरे बंद केली, आणि १७ मे रोजी आपण त्यांच्या तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरे ठेवली. एकमेकांच्या नाकाला मिरच्या लावण्याच्या या खेळात दोन्ही राजधान्यांची अब्रू राखली गेली असेल. नाक्यावरचा हमाल दोन्हीकडचा बसला.

पाकिस्तानची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच मोजली पाहिजे. कांद्याची बंदी महागाईसाठी होती. पुलवामा आणि पहलगामनंतर जे बंद झाले ते माणसे मारली गेल्यामुळे. त्याचा संताप आम्हालाही आहे. तरी परिणाम तपासायला हरकत नसावी. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर २१ ऑक्टोबर २००८ पासून सलामाबाद आणि चाकन-दा-बाग इथून मालाच्या बदल्यात माल असा व्यापार सुरू होता. (नावातला चाकन आपला नव्हे, पूंछचा आहे.) जानेवारी २०१४ मध्ये सलामाबादला बदामाच्या ट्रकमध्ये अमली पदार्थ सापडले. तिथे पूर्ण ट्रक तपासणारी क्ष-किरण यंत्रे बसवा, ही मागणी व्यापारीच वर्षानुवर्षे करत होते. यंत्रे आली नाहीत, आणि एप्रिल २०१९ मध्ये शस्त्रे, अमली पदार्थ आणि खोट्या नोटांचे कारण देऊन व्यापारच स्थगित झाला. कारण खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. यंत्र बसवणे बंदीपेक्षा स्वस्त पडले असते, एवढेच म्हणतो.

आणि बंदीने माल थांबतो का, हे आपल्या शिरखुर्म्याला विचारा. खारीक मोठ्या प्रमाणात पाकिस्तानातून यायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्यावर दोनशे टक्के शुल्क बसले आणि ईदच्या बाजारात भाव कुठे गेला हे आपल्या घरातल्या बायकांनी पाहिले आहे. मग ती दुबईमार्गे येऊ लागली. २ मे २०२५ रोजी तिसऱ्या देशातून येणारा पाकिस्तानी मालही पूर्ण बंद झाला. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले, १,११५ टन माल, किंमत नऊ कोटींच्या घरात. कागदावर अमिरातीचा आणि मुळात पाकिस्तानचा. त्यात खारीक होती. अट्टारीच्या हमालाचा रोजगार गेला, कागद बदलणाऱ्याचा वाढला.

आता दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये शहरांत कांदा शंभरच्या पुढे गेला होता. पुण्याच्या गल्लीत महिन्याला पंधरा हजारांत घर चालवणाऱ्या बाईसाठी निर्यातबंदी हा दिलासा असतो. तिला केंदूरच्या शेतकऱ्याविरुद्ध उभे करणे आम्हाला पसंत नाही. सरकारने तिचा विचार करावाच. पण त्यासाठी राखीव साठा वेळेवर बाजारात सोडता येतो, शुल्क टप्प्याटप्प्याने चढवता येते. मध्यरात्री कडी लावणे हा उपायांतला सर्वांत आळशी उपाय. आणि वाटेत असलेला, सौदा झालेला माल अडवणे तर साध्या कराराच्या ईमानात बसत नाही. आपल्या दीनमध्ये करार पाळण्याला काय वजन आहे हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

सीमेवर संशय वाढला की तो सीमेवरच राहत नाही. तो ट्रकच्या उलट दिशेने प्रवास करत आपल्यापर्यंत येतो. पुणे जिल्ह्याच्या बांधकामांवर आणि कारखान्यांत बंगालचे गवंडी, कारागीर पुष्कळ आहेत. जून २०२५ मध्ये मुंबईजवळ मीरा रोड भागातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मुस्लिम मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्याच्या सरकारने कागद पुढे केल्यावर त्यांना परत घ्यावे लागले. ते भारतीय होते. अशी माणसे आपल्या मोहल्ल्यात भाड्याने राहत असतील तर त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, गावच्या पंचायतीचा दाखला आणि घरच्या माणसाचा फोन नंबर घरमालकाने आपल्याकडेही ठेवावा. मशिदीच्या कमिटीने एक वही केली तरी पुरे. मध्यरात्री कुणाला उचलले तर सकाळी पोलीस ठाण्यात काय घेऊन जायचे ते ठाऊक असेल.

फाटकाबद्दल मात्र उपाय नव्याने शोधायची गरज नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांची दिल्लीत बैठक झाली. बांगलादेशने तांदूळ, गहू, साखर, कांदा, आले, लसूण अशा गरजेच्या वस्तूंसाठी वर्षाचा ठराविक कोटा मागितला. म्हणजे आपल्याकडे टंचाई आली तरी एवढा माल मिळेल, हे त्यांना आधी ठाऊक, आणि एवढा माल जाणार हे आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक. २०२४ मध्ये बंदी चालू असतानाच सरकारने पन्नास हजार टन कांदा बांगलादेशला द्यायची परवानगी दिली, तेव्हा अशी सोय करता येते हे सिद्धच झाले. फक्त ती मेहेरबानी म्हणून आली, करार म्हणून नव्हे, आणि शेतकऱ्याला आधी कळली नाही. ढाक्यातले सरकार त्यानंतर बदलले, दोन्हीकडचे सूर बिघडले, आणि त्या मागणीवर धूळ बसली.

केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईकडच्या आमच्या वाचकांपैकी जे सोसायटीत, ग्रामपंचायतीत किंवा बाजार समितीच्या मतदार यादीत आहेत त्यांनी येत्या ग्रामसभेत दोन ओळींचा ठराव मांडावा. बांगलादेशसाठी कांद्याचा वार्षिक कोटा करारात यावा, आणि निर्यातीचा कोणताही बदल लागू होण्यापूर्वी किमान तीस दिवसांची सूचना मिळावी, निघालेला माल अडवू नये. ठरावाची एक प्रत खासदारांना, एक खेड बाजार समितीला आणि एक दिल्लीत वाणिज्य मंत्रालयाला पाठवावी. पोचपावती जपून ठेवावी.